लेकराले काय समजते?

मे महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी मैदानावर माशांचा बोगदा आला होता. डोक्यावर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून आपण चालायचं. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. मी, हे, सासूबाई, जाऊबाईंची दोन मुलं आणि ही, असे सगळे जायचं ठरलं. त्या दिवसापासून घरात, शेजारी, अंगणवाडीत, जिथे जाईन तिथे एकच वाक्य कानावर पडलं, "एवढ्याशा लेकराले काय समजते वो? कायले नेतेस?"

उन्हाची काळजी खरी होती, ती मी मान्य करते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ च्या आसपास जातो. म्हणून चारनंतरची एसटी धरली. डोक्याला ओलं फडकं बांधलं, सासूबाईंनी पिशवीत कांदा टाकला. पण "काय समजते" हे मला पटलेलं नव्हतं, आणि आता तर अजिबात पटत नाही.

जन्मलेल्या बाळाला वीतभर अंतरावरचं तेवढं नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. नऊ महिन्यांत तेच लेकरू अंगणातली कोंबडी, कौलावरचं मांजर, दारातून जाणारा बैल ओळखून हाका मारायला लागतं. एवढी मोठी मजल मारलेल्या जिवाला आपण म्हणतो, काही समजत नाही.

बोगद्यात शिरताच निळा अंधार झाला आणि ती गप्प झाली. घाबरली असेल म्हणून मी छातीशी धरलं, तर तिनं मला हातानं ढकललं आणि मान वर केली. वरून एक प्रचंड मासा चालला होता, माणसाहून लांब, शेपटीकडे लालसर खवल्यांचा. अरापैमा. तो हळूहळू वर गेला, पाण्याबाहेर तोंड काढून त्यानं हवा घेतली आणि परत खाली आला. माझ्या लेकीनं आपलं तोंड उघडलं. तो दुसऱ्यांदा वर गेला, हिनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं. सासूबाईंनी पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पाह्य, पाह्य, थे त्याच्यासारखं करून राह्यली!" घरून निघताना "पान्यातले मासे पाहाले पैशे कायले द्याचे, आपली बोडी नाही का?" म्हणणाऱ्या त्याच. बोडी म्हणजे आमच्या गावचा तलाव.

बाहेरच्या फलकावर समुद्र रंगवला होता. आत मोठे मासे होते ते मात्र नद्यांचे. अरापैमा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, आणि त्याच्या शेजारचा मगरीसारख्या तोंडाचा 'गार' नावाचा मासा उत्तर अमेरिकेतला. खाऱ्या पाण्याचे रंगीत मासे शेवटच्या छोट्या टाक्यांत होते. पोरांना "हा समुद्र" म्हणून नदी दाखवू नये असं मला वाटतं. विदर्भातल्या लेकरानं समुद्र पाहिलेला नसतो, म्हणून तर त्याला खरं सांगायला हवं. हा मासा कुठला, काय खातो, वर का येतो, एवढं लिहिलेली एक पाटी प्रत्येक टाकीला पुरली असती. त्याऐवजी कर्णा एवढा मोठा लावला होता की मुलांना काही सांगायचं तर ओरडावं लागत होतं. लोक काचेवर थापा मारत होते, फ्लॅश पाडत होते, आणि त्यांना थांबवायला कोणी नव्हतं.

मग तिला भूक लागली. मी पाजायची जागा विचारली. तिकीटवाल्यानं मान हलवली. शेवटी जनरेटरच्या मागे, डिझेलच्या वासात, गरम हवेत बसले. सासूबाईंनी आपला पदर दोन्ही हातांनी ताणून आडोसा धरला. तेवढ्यात एक कामगार येऊन म्हणाला, इथे बसू नका. कुठे बसू, ते त्यालाही सांगता आलं नाही. ती अर्धपोटी रडत राहिली आणि त्या रडण्याकडे बघून मागची एक बाई म्हणाली, "म्हनूनच लहान लेकरू आनू नये." तो शब्द मला अजून लागतो.

माझं म्हणणं आहे, लेकरू आणावं. जागा करावी. हिरकणी रात्रीच्या अंधारात रायगडाचा कडा उतरली, ती तान्ह्यासाठी. तिच्या नावाचा कक्ष एसटी स्टँडवर असतो, तर कुटुंबाची तिकिटं विकणाऱ्यानं एक पडदा, एक पंखा आणि दोन खुर्च्या का ठेवू नयेत? बाळाला दोन वर्षं पाजावं असं डॉक्टर सांगतात, अंगणवाडीत सांगतात. मग आमच्या गावातल्या बायांनी काय ती दोन वर्षं उंबऱ्याच्या आतच काढायची? माझ्या मैत्रिणी काढतात. लग्न, बारसं आणि दवाखाना सोडून कुठे जात नाहीत.

आषाढात पाऊस लागला आणि आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भरला. आमच्या भागात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, असे हजारो तलाव आहेत. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि कितीतरी तलाव गाळानं आणि बेशरमच्या झुडपानं भरत चालले. आमचा अजून जिवंत आहे. एका संध्याकाळी सासूबाईच म्हणाल्या, "चाल, इले बोडीवर नेऊ." तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या जागी, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक काका जाळं धूत होते. त्यांनी बोट दाखवलं. पाण्याच्या वरच्या थरात तांबड्या ठिपक्यांचा एक गोळा हलत होता, पसरायचा, परत आवळायचा. "मरळीची पिल्लं हायेत. मायबाप खालीच असतात. जवळ गेलं तं अंगावर येतात."

मरळसुद्धा वर येऊन हवा घेते. न घेतली तर पाण्यातच गुदमरते. अरापैमाचा नरही पिल्लांना आपल्या डोक्याजवळ घेऊन फिरतो. मी हे बोगद्यातून आल्यावर वाचलं होतं, पण आपल्याच तलावात तसंच घडतं हे मला बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, त्या काकांनी एका वाक्यात सांगितलं. पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा झाला, चांगलंच झालं. पण आमच्या शाळेत एक टाकी असावी, तिच्यात मरळ, झिंगे, रोहू असावेत, आणि शिकवायला ढिवर काकांना मानधन देऊन बोलवावं. ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. सोबत या.

त्या संध्याकाळी मरळ वर आली, आणि माझ्या लेकीनं तोंड उघडलं.

पावसाची उघडीप असली की आम्ही पाचनंतर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, असतो. आंब्याखाली बसायला कोरडी जागा आहे. तान्हं लेकरू असलेल्या कोणालाही यावंसं वाटलं तर या. पाजायचं असेल तर आडोसा सासूबाई धरतील.