खुलासा : ओम्बड्समनच्या स्वयंसेवकांबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि आजारी लोक देखभालीसाठी दीर्घकाळ राहतात ती जागा, आणि ओम्बड्समन म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी ऐकून त्यांची बाजू मांडणारा. त्याच्या स्वयंसेवकांबद्दल अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘नर्सिंग होममध्ये येणारे ओम्बड्समनचे स्वयंसेवक सरकारी तपासनीस असतात. त्यांना काही सांगितलं की ते थेट व्यवस्थापनाला कळतं आणि आईवडिलांना बाहेर काढतात.’

हे खरं नाही. मी प्रशिक्षण घेऊन ओम्बड्समनची स्वयंसेवक म्हणूनच काम करते, आणि नियम पुन्हा वाचून हे लिहितेय.

ओम्बड्समनचा हा कार्यक्रम ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ या वृद्धांसाठीच्या केंद्रीय कायद्याखाली चालतो, १९७८ पासून तो प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. दंड, परवाने हे राज्याच्या तपासणी खात्याचं काम. आम्ही फक्त रहिवाशाची बाजू मांडतो, तीही विनामूल्य.

बेल दाबूनही कुणी येत नाही, शाकाहारी असल्याचं सांगूनही ताटात चिकन सूप येतं, अशा तक्रारी असतात. तक्रार एखाद्या आजींची असेल तर आधी त्यांनाच विचारायचं : ‘हे मी बोलू का? तुमचं नाव घेऊ का?’ त्या नको म्हणाल्या तर नाव बाहेर जात नाही. मुलाने आग्रह केला तरी शब्द आजींचाच.

तक्रारीचा सूड घेणं बेकायदा आहे. नर्सिंग होमला रहिवाशाला काढायचंच असेल तर साधारणपणे ३० दिवस आधी कारणासह लेखी नोटीस द्यावी लागते, तिची प्रत ओम्बड्समन कार्यालयाला जाते आणि अपील करता येतं.

या मेसेजमुळे घाबरून आपले लोक गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. तुमच्या भागातल्या ओम्बड्समनचा नंबर नर्सिंग होममध्ये दर्शनी जागी लावलेला असतो.