भाषा वेगळी म्हणून देश लढत नाहीत

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "भाषा आणि धर्म वेगळे असले की युद्ध अटळ. जगातली सगळी युद्धं त्यातूनच झाली. आपला सीमाभागही त्याच वाटेवर आहे." बेळगावात जन्म गेलेल्या मला हे वाचून गप्प बसवत नाही.

सगळी युद्धं त्यातूनच? एल साल्वादोर आणि होंडुरास बघा. दोन्हीकडे स्पॅनिश, दोन्हीकडे कॅथलिक. एल साल्वादोर आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जेमतेम दीडपट, आणि चांगली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात. पोटासाठी सुमारे ३ लाख माणसं होंडुरासात जाऊन राहिली. तिथल्या सरकारनं जमीनवाटपाच्या नावाखाली त्यांना हुसकावलं, लोंढे परतू लागले आणि जुलै १९६९ मध्ये साल्वादोरचं सैन्य हद्द ओलांडून गेलं. त्याच सुमाराला दोन देशांत वर्ल्ड कपचे पात्रता सामने झाले, म्हणून नाव पडलं 'फुटबॉल युद्ध'. भांडण जमिनीचं होतं. खानापूर तालुक्यात बांधावरून डोकी फुटतात तेव्हा समोरासमोर सख्खे भाऊच असतात की!

इराक आणि कुवेत, दोघेही अरबी बोलणारे. १९९० साली वाद होता तो कर्जाचा आणि तेलाचा.

१९७१ च्या बांगलादेश युद्धाचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण आपल्या मराठा पलटणीची पोरं तेव्हा जमालपूरला लढली. पूर्व पाकिस्तानात बंगाली भाषेचा प्रश्न खराच होता, १९५२ ला ढाक्यात त्यासाठी रक्त सांडलं. पण पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान, धर्म दोन्हीकडे बहुतेकांचा एकच. आणि युद्ध पेटलं १९ वर्षांनी: १९७० च्या निवडणुकीत बहुमत मिळवलेल्यांना सत्ता नाकारली, लोकांवर सैन्य सोडलं आणि सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा.

राहिला सीमाभाग. १९५६ पासून आमची माणसं गोळीबारात गेलीत, ते दुःख खोटं नाही. पण आमचं मागणं सरकारकडे आहे. उतारा मराठीत मिळावा, पोरांची शाळा टिकावी. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कन्नड शेजाऱ्याशी आमचं वैर नाही. सकाळी रविवार पेठेत या. मिरचीचं पोतं उघडून शेतकरी बसलेला असतो, दुकानदार मूठभर मिरची हुंगतो आणि विचारतो, "एष्टु?" तो मराठीत दर सांगतो. हा कन्नडमध्ये घासाघीस करतो. पोतं काट्यावर चढतं.