मटार थेट फ्रीजरमध्ये टाकू नका

बागेतली भाजी एकदम तोडणीला आली की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: "भाजी धुवा, चिरा, पिशवीत भरा आणि थेट फ्रीजरमध्ये टाका. उकळत्या पाण्यात घालू नका, सगळी जीवनसत्त्वं निघून जातात. थंडीनं जंतू मरतात आणि भाजी वर्षभर तोडल्यासारखी ताजी राहते." सोपा आहे म्हणून लोकांना पटतो. पण तो ऐकून महिनोन्महिने निगा राखून पिकवलेली भाजी शेवटी फेकून द्यावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

खरी मेख उकळत्या पाण्यातच आहे. तोडल्यानंतरही भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करत राहतात. उणे 18 अंशांना ती मंदावतात, पण थांबत नाहीत. म्हणून कच्चे गोठवलेले मटार हळूहळू फिके पडतात, त्यांचा गोडवा जातो आणि पिशवी उघडली की वाळल्या गवतासारखा वास येतो. उकळत्या पाण्यातली दोन-तीन मिनिटं ही विकरं निकामी करतात.

मात्र ते नीट करायला हवं. अर्धा किलो भाजीला साधारण चार लिटर पाणी घ्या. भाजी घातल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी आली पाहिजे; आली नाही तर भाजी जास्त झाली असं समजा. उकळी परतली की वेळ मोजायला लागा: मटार दीड मिनिट, गाजराच्या चकत्या दोन मिनिटं, फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे तीन. मग लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ ठेवा, निथळा आणि कापडावर चांगली कोरडी करा. घाईनं अर्ध्यावर काढलेली भाजी कच्चीपेक्षाही लवकर बिघडते, कारण तेवढ्या उष्णतेनं विकरं उलट चेवतात.

जीवनसत्त्वांबद्दलच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यातलं काही जातंच. पण "सगळी" जीवनसत्त्वं जात नाहीत. तंतू (फायबर) आणि ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते बीटा-कॅरोटीन बऱ्याच अंशी टिकून राहतात. शिवाय कच्ची गोठवलेली भाजीही महिनोन्महिने क जीवनसत्त्व गमावत राहते, आणि फ्रिजमध्ये आठवडाभर पडून राहिलेली पालेभाजीसुद्धा. तेवढंही जाऊ द्यायचं नसेल तर भाजी वाफेवर धरा. वेळ मात्र दीडपट लागतो.

थंडीनं जंतू मरतात, हे वाक्य सर्वांत धोक्याचं. त्यांची वाढ थांबते, एवढंच; बरेचसे जिवंत राहतात आणि भाजी वितळली की पुन्हा वाढू लागतात. युरोपात 2018 साली उघड झालेल्या लिस्टेरिया या जंतूच्या साथीचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत लागला होता आणि तीत माणसं दगावली होती. तेव्हा फ्रीजरमधली भाजी शिजवूनच खा.

राहता राहिली "वर्षभर ताजी". नीट उकळून, हवा काढून बंद केलेली भाजी उणे 18 अंशांना आठ ते बारा महिने चांगली राहते. फ्रिजमधल्या एकाच चांदणीची खूण असलेल्या बर्फाच्या कप्प्यात तापमान उणे 6 च्या आसपास असतं, तिथे हा हिशेब लागू होत नाही. काकडी, मुळा आणि लेट्यूस तर गोठवूच नयेत. त्यांच्यातल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात आणि वितळल्यावर नुसता लगदा उरतो.

ढोबळी मिरची, कांदा आणि टोमॅटो यांच्यापुरता तो सल्ला चालतो, ते कच्चेच गोठवता येतात. बाकी भाज्या उकळून झाल्यावरही एकदम कोंबू नका. फ्रीजरच्या दर 28 लिटर जागेमागे एका दिवसात एक ते दीड किलोच भाजी घाला, तीही आधी ताटात सुटी पसरून. जास्त भरली तर ती सावकाश गोठते, स्फटिक मोठे होतात आणि फरसबी मऊ पडते. तोडणी जास्त असेल तर ती दोन-तीन दिवसांत वाटून घ्या.