रिकाम्या गाडीचं तिकीट कोण काढतं?

एसटीची भाडेवाढ झाली, किंवा महिलांच्या अर्ध्या तिकिटाचा विषय निघाला, की परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक फोटो हमखास फिरतो. हिरव्या डोंगरातून जाणारी चकचकीत बस आणि खाली ओळ, 'याला म्हणतात बससेवा!' मग दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, महामंडळ तोट्यात आहे तर खासगी करून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, फुकट्यांना आधी उतरवा. फोटो बऱ्याचदा आयर्लंडचा असतो, आणि त्या बसची वाट बघत पावसात उभं राहिल्याशिवाय त्या फोटोवर बोलू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पाठीवर पिशवी टाकून एकट्याने बसने फिरायला आयर्लंड चांगला देश आहे. पण इथला पाऊस आपल्या हिशेबात बसत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सखल भागात वर्षभरात मिळून 1000 ते 1400. म्हणजे कोकणच्या मानाने हा भुरभुर पाऊस. पण पश्चिमेच्या काही भागांत वर्षातले 225 दिवस तो पडतो, आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री पहिल्याच वळणावर उलटी होते. पिशवीवर घालायचं रेनकव्हर वारा उडवून नेतो; नाही नेलं तरी पाठ आणि पिशवी यांच्या मधून पाणी आत झिरपतंच. म्हणून कव्हरच्या भरवशावर न राहता पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी थैली घालावी, कपडे त्यात, आणि तोंड पीळ देऊन बांधावं. पिशवी 35-40 लिटरची पुरे. जीन्स घरी ठेवावी. एकदा भिजली की दुसऱ्या दिवशीही ओलीच असते, आणि 10-12 अंशांत वाऱ्यात ओली जीन्स म्हणजे नुसती गैरसोय नाही, अंगातली ऊब पार निघून जाते. पाणी न शिरणारी पँट आणि टोपीचं जॅकेट, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड. जॅकेट आतून ओलं लागलं तर ते गळतंय असं लगेच समजू नये. बऱ्याचदा वरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण संपलेला असतो, कापड पाणी पितं आणि आतला घाम बाहेर जायचा थांबतो. कपड्यावरच्या सूचनेनुसार धुऊन मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवलं तर तो गुण बराचसा परत येतो.

हॉस्टेल निवडताना खाटेच्या भाड्याआधी तिथे 'ड्राइंग रूम' आहे का ते विचारावं. आपला दिवाणखाना नव्हे. कपडे वाळवायची गरम खोली. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, आणि बूट हीटरला चिकटवून ठेवायचे नाहीत. तळवा सुटतो.

आता बस. इथली सरकारी कंपनी बस एरन, 1987 साली स्थापन झालेली, लाल शिकारी कुत्र्याच्या चिन्हाची. तिच्या सेवा दोन जातींच्या आहेत आणि आपल्याकडच्या वादाचं उत्तर नेमकं इथे दडलंय. एक 'एक्सप्रेसवे': लांब पल्ल्याच्या गाड्या, सरकारी अनुदान नाही, तिकिटावर चालायचं. दुसरी, गावोगावची सेवा: ती राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरण करार करून विकत घेतं. अमुक मार्ग, अमुक फेऱ्या, आणि तिकिटातून न भरून येणारा खर्च प्राधिकरण देणार. याखेरीज 'लोकल लिंक' नावाच्या छोट्या गाड्या. त्यातल्या काही ठरलेल्या वेळेने धावतात, काही आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर दारापर्यंत येतात. सरकारने भरपाई दिलेलं वडाप म्हणा हवं तर.

2020 च्या सप्टेंबरात बस एरनने डब्लिनहून कॉर्क, लिमरिक, गॉलवे आणि बेलफास्टला जाणाऱ्या एक्सप्रेसवे गाड्या बंद करायचं ठरवलं. मोठ्या शहरांना जोडणारे हे सोन्यासारखे मार्ग, तिथे खासगी कंपन्या आधीच धावत होत्या. प्रवाशाचं फारसं अडलं नाही. आजही डब्लिन-गॉलवे खासगी गाडीने झटपट होतं. पण गॉलवेहून पुढे डूलिनला, लिस्डूनवार्नाला भर पावसाच्या मंगळवारी चार प्रवाशांसाठी जी गाडी जाते, ती खासगीवाल्याने आपणहून चालवलेली नसते. खासगीकरणाचा हा साधा निकाल आहे: पुणे-मुंबईसाठी दहा जण पुढे येतील, पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याहून केळदला संध्याकाळची फेरी कोण मागेल? मागेल, जर रिकाम्या जागांचे पैसे आधी ठरवून कुणी देणार असेल तर. मग गाडी लाल असो की पांढरी.

फुकट्यांचंही तसंच. आयर्लंडमध्ये 66 वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना बस आणि रेल्वे मोफत आहे. ही योजना 1967 ची. पैसे समाजकल्याण खातं वाहतूक कंपन्यांना देतं. त्या आजोबांना इथे कुणी फुकट्या म्हणत नाही. आपल्याकडे 75 च्या पुढच्यांना 2022 पासून मोफत आणि महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. त्याचीही भरपाई शासनाने महामंडळाला द्यायची, अशीच रचना आहे. तेव्हा भांडायचंच तर ती रक्कम दर महिन्याला वेळेवर आणि पुरी पोचते का, यावर भांडा. तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईशी नको.

तुलना मात्र जपून करावी. 2022 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 51 लाख होती. एकट्या पुणे जिल्ह्याची 2011 मध्येच 94 लाख. इथे खेड्यातल्या जवळपास प्रत्येक घरासमोर मोटार उभी असते, त्यामुळे बस म्हणजे विद्यार्थी, म्हातारी माणसं आणि आपल्यासारखे पिशवीवाले. आणि सेवा फोटोइतकी देखणी नाहीच. ॲपवर 'चार मिनिटांत' म्हणत पुढे सरकणारी गाडी अचानक यादीतून गायब होते. तिला इथले लोक भुताची बस म्हणतात. कारण साधं असतं: फेरी रद्द झालेली असते, पण पडद्याला ते कुणी कळवलेलं नसतं. म्हणून वेळापत्रकावर नव्हे, ॲपमधल्या गाडीच्या ठिकाणावर भरवसा ठेवावा. नकाशावर गाडी हलताना दिसली तर ती आहे.

फिरण्याचा आराखडा करताना शेवटच्या फेरीवर कधीच विसंबू नये. समजा गॉलवेहून 350 नंबरने मोहरच्या कड्यांवर जायचंय. ही गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने डूलिनवरून कड्यांपाशी जाते आणि पुढे एनिसला. उन्हाळ्यात ती भरते, आणि कोचमध्ये उभ्याने प्रवास सहसा चालत नाही. जागा संपली की चालक मान हलवतो आणि निघतो. 'जरा सरकून घ्या' हा प्रकार नाही. तेव्हा सकाळची पहिली धरावी, कड्यांवर दोन-तीन तास, आणि परतीला शेवटच्या आधीची. शेवटची चुकली तर 30 किलोमीटरच्या टॅक्सीला 50 युरोच्या आसपास पडतात, तेही टॅक्सी मिळाली तर. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या बऱ्याचदा कमी असतात, आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक हिवाळ्यात लागू नसतं. जुन्या ब्लॉगवरची वेळ वहीत उतरवून घेणारे इथेच फसतात.

नकाशाही फसवतो. किलिमर आणि टार्बर्ट शॅनन नदीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. दाभोळ-धोपाव्यासारखी फेरीबोट आहे, 20 मिनिटांत पलीकडे. पण ती मोटारवाल्यांच्या सोयीची. धक्क्यापर्यंत आणि पलीकडून पुढे बस जुळेलच असं नाही. ट्रली, डिंगलकडे जायचं तर मुकाट लिमरिकवरून वळसा घालावा. आणि हो, डिंगल परिसर आयरिशभाषक आहे. रस्त्यावरच्या बऱ्याच पाट्यांवर इंग्रजी नाव नसतं, फक्त आयरिश. दोन्ही नावं आधी लिहून घ्यावीत. मराठी पाट्यांवरून हातघाईवर येणाऱ्या दोन्ही बाजूंनी इथे एक चक्कर मारायला हरकत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्याची सगळ्यात मोठी चूक पावसात नाही, मार्गात होते. डब्लिनहून डोनिगॉलला जाणारी 30 नंबरची गाडी एनिस्किलनवरून जाते, आणि लेटरकेनीला जाणारी 32 नंबरची ओमा-स्ट्रबॅनवरून. ही गावं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. वाटेत नाका नाही, गाडी थांबतही नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात, एवढीच खूण. पण नुसता आयरिश व्हिसा किंवा इथलं रहिवासी कार्ड असेल तर तेवढ्या वेळात तुम्ही परवानगीशिवाय ब्रिटनमध्ये असता, आणि परतीच्या बसमध्ये पोलीस चढून कागद बघतात असं घडतं. अल्पमुदतीच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर दोन्हीकडे चालतं. नसेल तर डोनिगॉलला जायचा सरळ मार्ग गॉलवेहून: 64 नंबरची गाडी स्लायगो, डोनिगॉल करत लेटरकेनीला जाते, ती सगळी आयरिश प्रजासत्ताकातून. लेटरकेनीला उतरायचं मात्र विसरू नये, कारण पुढे ती उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाते. जाता जाता, ज्या देशाच्या वाहतूक खात्याचे 2011 ते 2014 मंत्री लिओ वराडकर होते, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्या देशात हा घोळ मालवणच्या माणसालाही माफ नाही.

इशाऱ्यांचे रंग आपल्या हवामान खात्यासारखेच: पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्याकडे इथलं कुणी ढुंकूनही बघत नाही. लाल लागला की बस बंद, विषय संपला. 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर ताशी 180 किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत नोंदला गेला. सगळ्या देशात लाल इशारा होता आणि गाड्या आगारातच राहिल्या. 'कितीही पाऊस असो, आमची एसटी धावणारच' या वाक्याचा आपल्याला अभिमान आहे, पण 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. गाडी रद्द करायचा अधिकार कुणाचा, कोणत्या रंगाला, आणि बुडालेल्या उत्पन्नाचा जाब आगारप्रमुखाला विचारला जाणार नाही ना, हे लिहून ठेवलेलं असणं इथून न्यावं अशी गोष्ट आहे.

उलट दिशेने नेण्यासारखंही आहेच. 'मुक्कामी गाडी' ही कल्पना मला इथे कुणाला समजावून सांगता येत नाही: रात्री शेवटच्या गावात जाऊन झोपणारी आणि पहाटे तिथल्याच पोरांना शाळेला आणणारी बस. आणि बसस्थानक. छप्पर, फलाट, चौकशीची खिडकी, चहा. इथल्या खेड्यात थांबा म्हणजे एक खांब. कधी तोही रस्त्याच्या एकाच बाजूला; दोन्ही दिशांच्या गाड्या त्या खांबापाशीच, आपापल्या बाजूला थांबतात असं गृहीत धरून, जायच्या दिशेला तोंड करून डाव्या कडेला उभं राहायचं. डिसेंबरात गॉलवेला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. काळं जॅकेट, काळी पिशवी आणि काचेवर पाऊस असताना चालकाला तुम्ही दिसत नाही. गाडीचे दिवे वळणावर दिसताच मोबाइलची बॅटरी लावून ती खाली, रस्त्याकडे धरावी, त्याच्या डोळ्यांत नको, आणि दुसरा हात पूर्ण लांब करावा. खांबाजवळ नुसतं उभं राहणं म्हणजे विनंती नव्हे. 'हात दाखवा, एसटी थांबवा' ही आपल्याकडची सवलत होती. इथे तो नियम आहे.