‘फौजेत शैली नसते, आदेश असतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लष्करी नेतृत्वशैलींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बऱ्यापैकी रागाने लिहिलंत, याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: फौजेत शैली-बिली काही नसते, आदेश असतो आणि तो पाळायचा असतो. ‘काय साधायचं ते सांगा, कसं ते खालच्याला ठरवू द्या’ हे मॅनेजमेंटच्या वर्गातलं खूळ मी वर्दीला चिकटवलं. गोळ्या सुटत असताना जो तो आपलं डोकं चालवू लागला तर फौजेचा जमाव व्हायला वेळ लागत नाही. शिवाय मी कधी वर्दी घातलेली नाही, हेही तुम्ही सुनावलंत. ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. बाकीच्यावर आहे.

खुळाचं आधी उरकतो. हा विचार कंपन्यांकडून फौजेत आलेला नाही, फौजेतून कंपन्यांत गेला आहे. 1806 मध्ये येना आणि आउअरश्टेटला नेपोलियनच्या फ्रेंचांनी प्रशिया या जर्मन राज्याची फौज एकाच दिवशी मोडली. कवायतीत आणि कडक शिस्तीत त्या फौजेचं युरोपभर नाव होतं. पराभवानंतर प्रशियाच्या जनरल शार्नहॉर्स्टने जी सुधारणा हाती घेतली, तिचं पीक पुढे सेनाप्रमुख मोल्टकेच्या काळात आलं. रेल्वेने आणलेली लाखोंची सेना इतकी पसरलेली असे की सेनापतीला ती एका नजरेत दिसणं शक्यच नव्हतं. मग जागेवरच्या अधिकाऱ्यावर भरवसा टाकण्यावाचून इलाज काय होता?

आता तुमची भीती. ती पोकळ नाही, आणि तुमच्या बाजूचं सगळ्यांत भक्कम उदाहरण मीच देतो. 6 ऑगस्ट 1870, फ्रान्स-प्रशिया युद्धातली स्पिशेरनची लढाई. फ्रेंच माघार घेताहेत अशा चुकीच्या अंदाजाने प्रशियन जनरल कामेकेने आपली डिव्हिजन टेकड्यांवर घातली. वर फ्रेंच जनरल फ्रोसारची अख्खी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनची फौज, बसलेली. मोल्टकेला ही लढाई त्या जागी, त्या दिवशी नकोच होती. पण तोफांचा आवाज ऐकून आसपासचे प्रशियन अधिकारी कुणी न बोलावता आपापल्या तुकड्या घेऊन येत गेले. फ्रोसारलाही मदत मिळू शकली असती, फ्रेंच सेनापती बाझेनच्या डिव्हिजन फार लांब नव्हत्या. त्या वेळेत पोचल्या नाहीत. संध्याकाळी फ्रोसार मागे हटला. प्रशियाची हानी फ्रेंचांपेक्षा जास्त झाली, पण मैदान प्रशियाकडे राहिलं.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या अंदाजाने लढाई पेटवणारा कामेके 1873 मध्ये प्रशियाचा युद्धमंत्री झाला. त्याच्या वरचा सेनापती श्टाइनमेट्स मात्र ठरलेले मार्ग सोडून शेजारच्या सेनेच्या रस्त्यावर घुसत राहिला, पुढे ग्राव्हलॉटच्या लढाईत त्याने माणसं वाया घालवली, आणि सप्टेंबरमध्ये त्याला आघाडीवरून काढून दूर पोझेनला गव्हर्नर म्हणून पाठवलं. एकाची चूक वरिष्ठाला हव्या असलेल्या दिशेनेच झाली होती. दुसऱ्याने ती दिशाच धाब्यावर बसवली. मी ज्या मोकळिकीबद्दल लिहिलं होतं ती पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला हाकललंच पाहिजे, यात तुमचं-माझं एकमत आहे.

आणि निव्वळ आदेश पाळण्याचं काय होतं, तेही पाहू. 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियन युद्धातली बालाक्लावाची लढाई. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता, तिथून त्याला रशियन शत्रू तोफा ओढून नेताना दिसत होता. त्या वाचवण्याची चिठ्ठी त्याने घोडदळाच्या लूकनला धाडली. लूकन खाली होता. त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. ‘कुठल्या तोफा?’ असं विचारल्यावर चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनने दरीकडे मोघम हात केला म्हणतात. लूकनने हुकूम पुढे दिला, त्याच्या हाताखालच्या कार्डिगनने तो पाळला आणि साडेसहाशेच्या वर स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले. शौर्य आणि आज्ञापालन, दोन्हींत काडीची कसर नव्हती. नंतर रॅग्लनने लूकनलाच दोष दिला: तू लेफ्टनंट जनरल, स्वतःची बुद्धी का वापरली नाहीस? एरवी ती वापरू न देणाऱ्या व्यवस्थेने ऐन वेळी ती मागावी, हा मला त्या दिवसाचा सगळ्यांत संतापजनक भाग वाटतो.

तुमचं एक म्हणणं पूर्ण मान्य. तोफखान्याचा मारा कुठे पडायचा, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट कुठून जाते, पाणबुडी बुडी कधी मारते, इथे शब्दन् शब्द पाळला गेला पाहिजे. पण गोळीबाराच्या सरावाचं मैदान बघा. गोळी झाडायचा हुकूम एकाच तोंडातून येतो, आणि धोका दिसला तर ‘थांबा’ मात्र कनिष्ठातला कनिष्ठही ओरडू शकतो. अत्यंत कडक जागीसुद्धा खालच्याच्या डोळ्यांना अधिकार दिलेला असतोच. म्हणून ‘हुकूमशाही शैली’ आणि ‘सहभागी शैली’ असे दोन कप्पे मला पटत नाहीत. चांगला कमांडर एकाच सकाळी दोन्ही वापरतो.

मोकळीक फुकट मिळत नाही, हे मात्र मूळ लेखात ठळक होतं. तुम्ही ते नजरेआड केलंत. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईआधी ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने कॅप्टनांना जेवायला बोलावून बेत समजावला, 9 ऑक्टोबर 1805 ला तो लिहूनही दिला. त्यात साधारण असं होतं की इशारे दिसले नाहीत तर आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवा, तसं करणारा कॅप्टन फारसा चुकणार नाही. 21 तारखेला, लढाईत, दुपारी सव्वाच्या सुमारास नेल्सनला गोळी लागली. लढाई अडली नाही, आणि ब्रिटिशांनी एकही जहाज गमावलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला माहीत असणारच. 1971 च्या बांगलादेश युद्धात जनरल सगत सिंग यांच्या 4 कोअरला मेघना नदीपर्यंतचा मुलूख नेमून दिलेला होता. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवल्यावर त्यांनी एमआय-4 हेलिकॉप्टरांनी माणसं नदीपार उतरवली आणि ढाक्याची वाट मोकळी केली. ‘फसले असते तर?’ असं तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्यापेक्षा त्यांच्या वरिष्ठांकडे मागायला हवं. 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्याच्या आदल्या दिवशी दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवरने अपयश आलंच तर जाहीर करायची चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. दोष माझा एकट्याचा, असं तिच्यात होतं. असा वरिष्ठ मागे उभा नसेल, तर खालच्याने पुढाकार घ्यावा ही अपेक्षा धरणं लबाडीचं आहे.

माझी खरी काळजी शांततेच्या काळाची आहे. वीस वर्षं ज्याला गोपनीय अहवालातल्या एका शेऱ्याच्या भीतीने प्रत्येक कागद वर पाठवायची सवय लागली, तो पहिल्या गोळीबरोबर स्वतः निर्णय घेऊ लागेल, हे कसं व्हायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इथे तुमचा अनुभव माझ्या वाचनापेक्षा मोलाचा आहे. प्रामाणिक चूक करूनही पुढे बढती मिळालेला अधिकारी तुमच्या नोकरीत तुम्ही पाहिला असेल, तर त्याबद्दल जरूर लिहा. नाव नको, प्रसंग पुरे.