आगाऊ पैसे कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खोचक आहे, पण पोकळ नाही. म्हणून दोन ओळींत वाटेला लावण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. शेतातल्या भाजीचा हंगामी वाटा घेण्याविषयी मी लिहिलं होतं. मे महिन्यात शेतकऱ्याकडे हंगामाचे पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला शिवारात जे निघेल त्यातली एक बुट्टी घरी न्यायची. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे अमेरिकेतून आलेलं पैसेवाल्यांचं फॅड आहे आणि बेळगावात ताज्या भाजीला तोटा नाही. तुमच्या आई येळ्ळूरहून भाजी घेऊन शहरात यायच्या, उरलेली परत न्यायला नको म्हणून संध्याकाळी मिळेल त्या दराला द्यायच्या. अशा बायकांना सोडून आम्ही मोटारवाल्या शेतकऱ्याला आगाऊ पैसे देतो, आणि पीक बुडालं तर ते पैसेही बुडतात, हा कुठला व्यवहार?

ताज्या भाजीचं तुमचं अगदी बरोबर. इथली भाजी चोर्ला घाट उतरून गोव्याला जाते, आपल्याला तर ती दारात मिळते. मुंबई-पुण्याकडचे लोक ताजेपणाचं कौतुक सांगतात ते त्यांना शोभतं, बेळगावकराला कुणी सांगू नये. 'सेंद्रिय' शिक्क्यावरचा तुमचा संशयही रास्त आहे. आमचा शेतकरी तो शिक्का लावत नाही आणि मीही त्यासाठी पैसे भरलेले नाहीत.

अमेरिकेत ही पद्धत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर सुरू झाली. त्याच्या आधी, सत्तरच्या दशकात, जपानमध्ये कीटकनाशकांच्या धास्तीने शहरातल्या कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट बोलणी केली होती. 'तेइकेई' म्हणतात त्याला. आपल्याकडे काही जण लगेच 'ही तर आपली जुनी बलुतेदारी' म्हणून पाठ थोपटून घेतात, ते मला मुळीच पटत नाही. बलुतं जातीने बांधलेलं होतं, नको म्हणून बाहेर पडायची सोय नव्हती. इथे पुढच्या हंगामाचे पैसे भरले नाहीत की विषय संपला.

खरा मुद्दा तुम्हीच लिहिला आहे, फक्त माझ्याविरुद्ध वापरलाय. आई संध्याकाळी पडेल त्या दराला भाजी का द्यायच्या? शेपू, पोकळा रात्रभर टिकत नाही हे गिऱ्हाइकाला पक्कं माहीत असतं, ते दिवेलागणीपर्यंत थांबतं. बी, खत, भांगलण, येण्या-जाण्याचं भाडं, सगळा खर्च मात्र आधीच होऊन गेलेला. मार्केट यार्डात माल घातला तरी फार फरक नाही. दर तिथे सौद्यात ठरणार, कापाकापी होऊन उरलेल्या पैशांची पट्टी हातात येणार. कोबीचा दर पडला की गाडीभाडंही सुटत नाही, मग उभ्या पिकात ट्रॅक्टर घालतात. मार्च २०२० मध्ये गोव्याच्या वाटा बंद झाल्या तेव्हा तिकडे भाजी मिळेना आणि इकडे शिवारात सडत होती. ताजी होती, खाणारेही होते, तरी नुकसान एकट्या पिकवणाऱ्याचं झालं.

आपल्या जिल्ह्यात ऊसवाल्याचं पाहा. ऊस आधी कारखान्याला जातो, पैसे नंतर येतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलंय, तरी थकलेल्या बिलांसाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागतं. वाट्यात हा क्रम तेवढा फिरवला आहे. मिरगाच्या आधी, बियाणं घ्यायच्या वेळी, पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतात. नाहीतर ते तो व्याजाने आणतो.

आणि हो, पीक बुडालं तर माझे पैसे बुडतात. ते कुणाचे बुडायला हवे होते? बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर-शहापूरच्या भातात शिरलं की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नट्टी, म्हणजे भाताची रोपलावण, पुन्हा करायची वेळ आली तर तो खर्च कोण उचलतं? वीस-पंचवीस घरांत नुकसान वाटलं गेलं तर माझे काही आठवड्यांच्या भाजीचे पैसे जातील. एकट्यावर आलं तर त्याचं वर्ष जातं.

खाण्याच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा आहे. आमचं शेत पश्चिमेकडच्या लाल मातीत आहे. आषाढ-श्रावणात पालेभाजी पावसाने झोडपून निघते, मग बुट्टीत दोडका, काकडी, भोपळा आणि परत दोडका. शिरांच्या चटणीला घरात आता कुणी हात लावत नाही. पाऊस सरला की रताळी येतात, तो पट्टाच रताळ्यांचा. थंडीत मेथी, चाकवत, मुळा, नवलकोल, बिनिस, ढबू असं सगळं एकदम येतं आणि चाकवताचं गरगट करून करून हात दुखतात. मसूर काही त्या मातीत येत नाही. ती तुमच्याकडची, भात काढल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर येणारी. ती मी बाजारात बायकांकडूनच घेते.

पैसेवाल्यांचं हा टोमणा निम्मा लागू पडतो. मजुरीवर चालणाऱ्या घराला हंगामाची रक्कम एकदम भरणं जमणार नाही. हप्ते पाहिजेत, किंवा भांगलणीला येऊन वाटा फेडायची सोय पाहिजे. बाहेर काही शेतांवर ती आहे, आमच्याकडे नाही. फसवणुकीचाही धोका आहे. यार्डातून भाजी आणून बुट्टी भरायची आणि आपल्या शेतातली म्हणून द्यायची, हे सोपं आहे. ऐन आषाढात ओला वाटाणा आला तर सरळ शेत दाखवायला सांगावं. किती घरांकडून पैसे घेतले आणि किती जमिनीवर लावण केली, हे जो सांगत नाही त्याच्याकडे मी तरी भरणार नाही.

राहिला मोटारवाला. वाटा त्याच्याकडूनच घ्यावा असं कुठे आहे? येळ्ळूरच्या चार बायकांनी मिळून वीस घरं धरली तर आगाऊ पैसे त्यांच्या हातात जातील आणि दिवेलागणीची घासाघीस संपेल. यार्डाचा परवाना लागत नाही, विश्वास बसेल एवढी वही लागते. तुमच्या आईंच्या ओळखीत कुणी तयार होत असेल तर माझं नाव घाला. आत्ता मी अर्धाच वाटा घेते, दोघांच्या घरात पूर्ण बुट्टी संपत नाही. मसूर मिळणार असेल तर पूर्ण घेईन.