निर्वासिताला शिकवलं म्हणून कुणाची जागा जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा : ख्रिस्ती कॉलेजांना निर्वासितांचा आणि परदेशातून आलेल्यांचा जो कळवळा येतो तो धर्मांतराचा गळ आहे, परदेशी पैशावर पोसलेलं नवं फॅड आहे, त्यापायी आपल्या पोरांच्या जागा जातात आणि बेकायदा घुसलेल्यांना पाठबळ मिळतं. मी ख्रिस्ती नाही. पण हा संदेश चुकीचा आहे आणि आपल्या भागात तो पसरावा याचं मला फार वाईट वाटतं.

आधी जागांचं बघू, कारण आईबापांच्या काळजाला तेच लागतं. मेडिकलचा प्रवेश नीटवर होतो, इंजिनिअरिंगचा सीईटीवर. पुढे कौन्सेलिंगच्या फेऱ्या. प्राचार्यांना कितीही दया आली तरी यादीतलं नाव वर-खाली करता येत नाही. मॅनेजमेंट कोट्याला लाखो रुपये मोजावे लागतात, छावणीतलं पोर ते आणणार कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१९ मध्ये दिलेला आकडा बघा : जगभरात सरासरी ३७ टक्के तरुण उच्च शिक्षणापर्यंत पोहोचत होते, निर्वासितांपैकी फक्त ३ टक्के. आणि जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, २०१० मध्ये निर्वासितांसाठी कॉलेजचं शिक्षण सुरू केलं ते केनियातल्या काकुमा आणि मलावीतल्या झालेका इथल्या छावण्यांतच. पोरं छावणीत बसून ऑनलाइन शिकायची आणि पदविका द्यायचं अमेरिकेतलं रेजिस विद्यापीठ. यात बेळगावच्या कुठल्या पोराचा बाक गेला?

आता धर्मांतर. मिशनऱ्यांनी इथं धर्मप्रचार केला हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० मध्ये बेळगावात आले ते त्याचसाठी. पण मिशनऱ्यांच्या शाळांचं पुढे काय झालं तेही बघा. बेननस्मिथ, सेंट पॉल्स या बेळगावच्या मिशनरी शाळांमध्ये शिकलेली मराठी माणसं इथं गल्लोगल्ली भेटतील. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, यल्लम्मा आहे, आणि घरातली पोरं गणपतीच्या मांडवात राबतात. शिवाय मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८ तसं स्पष्ट सांगतं. कुठं जबरदस्ती होत असेल तर त्या संस्थेविरुद्ध तक्रार करावी, मी स्वतः सोबत येईन. पण व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळालेल्यांचे हाल बघून जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९८० मध्ये जेझुइट निर्वासित सेवा उभी केली. तिने तमिळनाडूतल्या छावण्यांत श्रीलंकेहून आलेल्या मुलांच्या संध्याकाळच्या शिकवण्या घेतल्या. त्यातली बहुसंख्य मुलं हिंदू. त्या शिकवणीला गळ म्हणायचं तर पुरावा दाखवावा लागेल, नुसता संशय पुरत नाही.

‘नवं फॅड’ हे तर वाचवत नाही. परक्याला छळू नका, तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, परकेच होता, ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. येशूला तान्हा असताना घेऊन आईबाप मिसरात पळाले, ही गोष्ट नव्या करारात आहे. ख्रिस्ती कॉलेजने हे शिकवलं नाही तर त्याने आपलाच ग्रंथ बाजूला ठेवला असं म्हणावं लागेल.

आणि आपल्याकडचं बघा. लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळ गांधीनगरला जातो. तिथंच वळिवड्याला १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियाच्या बाजूने हाल सोसत इथवर पोहोचलेली माणसं. त्यांच्यासाठी बराकी उठल्या, दवाखाना झाला, चर्च झालं, पोलिश भाषेच्या शाळा झाल्या. ही मिशनऱ्यांची करणी नव्हती. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली होती. ती माणसं गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार सुटलेले सिंधी आले आणि त्यांनी कापडाची पेठ उभी केली. आपण आज भाव करतो ती दुकानं निर्वासितांच्या पोरानातवंडांची आहेत. इकडे मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसलेत, थंडीत स्वेटर विकायला येतात ते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. कुणाला देशात ठेवायचं हे सरकार ठरवतं, कॉलेज नाही, आणि कुठलंही कॉलेज तसा दावा करत नाही. पण चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. अमेरिकेत लहानपणी कागदपत्रांविना आणलेल्या मुलांना तिथल्या सरकारने तात्पुरती मुभा दिली, त्यानंतर शिकागोजवळच्या लोयोलाच्या जेझुइट मेडिकल कॉलेजने २०१४ मध्ये त्यांना उघडपणे प्रवेश दिला. फुकट नव्हे, कर्जावर. त्या बदल्यात इलिनॉयमध्ये डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात सेवा करायची अट. चिकोडी-रायबागच्या खेड्यांत डॉक्टरची वाट बघत बसणाऱ्यांना यातला व्यवहार समजवायला नको.

राहिलं ‘आपला काय संबंध’. हे सीमाभागातल्या मराठी माणसाने विचारावं? १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग कन्नड राज्यात गेला; घर हललं नाही, शेत हललं नाही, तरी कचेरीत आपण परके झालो. वाचता न येणाऱ्या कन्नड नोटिशीचा कागद हातात धरून कुणीतरी समजावून सांगेल म्हणून कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं आपल्या घरातली आहेत. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याजवळच्या कोप्यांत बीडकडची टोळी उतरते, तेव्हा ‘ही बाहेरची पोरं वर्गात नकोत’ असं म्हणणारे आपल्यातच निघतात. ती तर निर्वासितही नाहीत, भाषाही आपलीच.

हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती संस्थेने आपल्या मुलाची हक्काची जागा निर्वासिताला दिल्याचं एक उदाहरण, वर्ष आणि अभ्यासक्रमासकट, त्याच ग्रुपवर टाका. नसेल तर संदेश काढा, आणि का काढला तेही तिथंच लिहा.